चतुर्थीच्या घरात पाच वर्षांच्या हातांना काम

घरात गणपती आला की लहान मुलाच्या कानावर सगळ्यात जास्त पडणारं वाक्य म्हणजे ‘हात लावू नकोस’. समई पेटलेली असते, मूर्ती नाजूक असते, पाहुण्यांची ये-जा असते. मोठ्यांचंही चुकत नाही. पण मग मूल मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसतं आणि वर्षातले सगळ्यात भरलेले दिवस त्याला न शिवता निघून जातात. मला याची फार हळहळ वाटते. मी कुडाळ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळले. मोजणं, मापणं, डावं-उजवं, सारखं-वेगळं हे सगळं शिकवायला मी वर्गात खडू आणि मण्यांच्या माळा घेऊन बसायची. चतुर्थीच्या घरात तेच सगळं नारळ, दूर्वा आणि केळीच्या पानांच्या रूपात जमिनीवर पसरलेलं असतं.

आता निवृत्त आहे. दरवर्षी डोंबिवलीहून मुलगा-सून येतात, सोबत पाच वर्षांची नात आणि आठ वर्षांचा नातू. त्यांच्याबरोबर जे करते ते इथे सांगते.

आधी एक कसोटी. मुलाला दिलेलं काम खरं हवं, म्हणजे त्याने ते केलं नाही तर कुणाचं तरी अडलं पाहिजे. गणपतीचं चित्र छापलेला कागद आणि रंगाच्या कांड्या देऊन त्याला बाजूला बसवलं, तर ते खेळतं, पण आपल्याला वाटेतून दूर केलंय हे त्याला कळतं. त्याउलट पंगतीत मीठ वाढायचं काम तुझं, असं सांगितलं की सगळी पंगत त्याच्यासाठी थांबते. आमच्याकडे मीठ नातच वाढते. तिच्याआधी तिचा बाबा वाढायचा.

दुसरं, परीक्षा घेऊ नका. ‘हे किती आहेत, सांग बघू?’ असं विचारलं की मूल आपल्या तोंडाकडे बघून अंदाज बांधतं. ‘जेवायला बसणाऱ्या प्रत्येकाला एक पान पुरलं पाहिजे, तेवढी घेऊन ये’ असं सांगितलं की ते माणसं मोजतं, पानं मोजतं, एक कमी पडलं तर पुन्हा पळतं. उत्तर बरोबर आलं की नाही हे त्याला पंगतच सांगते, आपल्याला सांगावं लागत नाही.

माटवी

कोकणात गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं-फुलं बांधतात. आम्ही तिला माटवी म्हणतो, गोव्यात माटोळी. लहान मुलासाठी सणातली सगळ्यात श्रीमंत जागा हीच, म्हणून हिच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते.

आदल्या दिवशी आजोबा रानात जातात तेव्हा मुलांना सोबत पाठवते. पूर्ण पायघोळ कपडे, पायात बूट, हातात पिशवी. मुलांचं काम ठरलेलं असतं: आजोबा तोडतील ते पिशवीत घालायचं आणि घरी येऊन अंगणातल्या सुपांवर वेगवेगळं मांडायचं. काय कशाबरोबर ठेवायचं ते मी सांगत नाही. नात पहिल्यांदा रंगावरून लावते. कवंडळाची लाल रानफळं आणि लाल फुलं एका सुपात, हिरवं सगळं दुसऱ्यात. मग तिचा भाऊ फळं आणि फुलं वेगळी करतो. त्यावरून त्यांचं भांडण होतं, आणि ते भांडण मी मिटवत नाही. दोघांचंही बरोबर आहे, एकाच गोष्टी दोन तऱ्हांनी लावता येतात, हे त्यांचं त्यांना उमगू दे. नंतर मी फक्त विचारते, ‘आपल्याला बांधायला कसं सोयीचं?’ तेव्हा तिसरी तऱ्हा निघते: जड आणि हलकं.

जड-हलक्याचा खरा खेळ बांधताना सुरू होतो. चौकट दोऱ्यांनी टांगलेली असते. एका टोकाला नारळ बांधला की ती त्या बाजूला कलते. नातीला लांब उभं करून आजोबा विचारतात, ‘खंयची बाजू खाली गेली?’ मग समोरच्या बाजूला काय बांधायचं ते ती सांगते. सुपारीचा घोस बांधला, अजून कलतंय. तवसं, म्हणजे मोठी काकडी, बांधलं, जवळजवळ सरळ. चिबूड बांधला, आता उलटीकडे गेलं. तराजू काय असतो हे यानंतर वेगळं सांगावं लागत नाही. स्टुलावर चढणं आणि गाठी मारणं मात्र मोठ्यांनीच करायचं.

तेरड्याकडे खास लक्ष द्या. भाद्रपदात तो सगळीकडे फुललेला असतो आणि फुलांबरोबर त्याला फुगीर हिरव्या शेंगाही धरलेल्या असतात. पिकलेली शेंग चिमटीत हलकेच दाबली की फटकन फुटून आतल्या बिया लांब उडतात. मुलं यात अर्धा तास सहज रमतात. झाड चालू शकत नाही, मग त्याची पोरं लांब कशी जातात, हा प्रश्न त्यानंतर विचारा, आधी विचारू नका. बोटांना आधी ते फुटणं कळलं पाहिजे. आणि ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असं आपण म्हणतो ना, ते खरं आहे का हे तपासायला एक तुरा पेल्यात पाणी घालून खिडकीत ठेवायचा आणि रोज सकाळी बघायचा. नातीने तपासणी केली की ती सगळ्या घराला रोजचा हवाल देते.

एक गोष्ट कडकपणे सांगते. माटवीला आणि गौरीला जे वापरतात ते सगळं खायचं नसतं. कवंडळाचं लालभडक फळ मुलांना फार खुणावतं, पण ते तोंडात घालायचं नाही. कळलावीचं फूल ज्वाळेसारखं सुंदर दिसतं, पण ते अख्खं झाड विषारी आहे, कंद तर फारच. ‘देवाला चालतं ते आपल्याला खायला चालतंच असं नाही’ हे वाक्य मुलांना रानात जाण्याआधीच सांगायचं, आणि परत आल्यावर साबणाने हात धुवायचे.

दूर्वा आणि एकवीस

पाच वर्षांचं मूल वीसपर्यंत धडाधडा म्हणून दाखवतं, पण वीस वस्तू मोजायला दिल्या की गडबडतं. जीभ बोटाच्या पुढे धावते, कुठलीतरी काडी दोनदा मोजली जाते, एखादी सुटते. वर्गात यावर माझा एकच उपाय होता, तोच इथे: मोजलेली वस्तू जागची उचलून दुसरीकडे ठेवायची. डाव्या ताटातली दूर्वा उजव्या ताटात गेली की ती मोजली. डावं ताट रिकामं झालं की मोजणं संपलं.

जुडीला एकवीस दूर्वा लागतात. सुरुवातीला पाच-पाचचे ढीग करू द्या. चार ढीग झाले आणि वर एक. पुढच्या वर्षी सात-सातचे तीन ढीग. नातवाने यंदा स्वतःहून विचारलं की एकवीस जुड्या करायच्या तर दूर्वा किती लागतील. तो गुणाकार त्याला अजून येत नव्हता, म्हणून त्याने पाटीवर एकवीस वेळा एकवीस लिहून बेरीज करायला घेतली. मी मध्ये पडले नाही. चारशे एक्केचाळीस येईपर्यंत दुपार गेली, पण ते उत्तर त्याने स्वतः कमावलं.

मोदक करताना

चुलीजवळ लहान मूल नको, हे पहिलं. पण मोदकाचं निम्मं काम चुलीपासून लांबच होतं. मापं नातीकडे असतात. सारणाला दोन वाट्या ओलं खोबरं, तर एक वाटी चिरलेला गूळ. उकडीला जेवढं तांदळाचं पीठ तेवढंच पाणी. ‘शीग लावायची की सपाट?’ हे तिने पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला फार आनंद झाला. माप म्हणजे काय हे त्या प्रश्नात आलं. आम्ही दोन्ही भरून परातीत ओतून पाहिलं, आणि मग ठरवलं की सगळ्या वाट्या सपाट, सुरीच्या पाठीने वरचं पीठ सारखं करून.

गूळ कढईत घालण्याआधी एक खडा तिच्या हातावर ठेवा. कडक आहे. मग लांब उभं राहून कढईत बघू द्या: तो वितळतो, खोबऱ्याला पाणी सुटल्यासारखं होतं, आणि ढवळत राहिलं की पुन्हा घट्ट होतं. थोडं सारण गार झाल्यावर हातात द्या. मोदकपात्राचं झाकण काढाल तेव्हा त्याच्या आतले थेंब दाखवा. खाली पाणी होतं, वर कसं गेलं? उत्तर लगेच द्यायची घाई करू नका. नात दोन दिवस ‘पाणी उडी मारतं’ असं म्हणत होती. मग तिनेच वरण-भाताच्या कुकरची वाफ पाहून आपलं म्हणणं सुधारलं.

पारी करणं पाच वर्षांच्या हाताला जड जातं, तर ती तुम्ही करून द्या. कळ्या पाडायच्या त्याने. पाच कळ्या पुरे. बोटांना तेल-पाणी लावून चिमटीत धरायचं, एक, दोन, तीन, आणि सगळ्या मिळून वर तोंड मिटायचं. लिहायला लागणारी चिमटी हीच. वर्गात ज्या मुलांची पेन्सिल नीट धरली जात नसे त्यांना मी मातीचे मोदक करायला बसवायची. मुलाचा वाकडा मोदकही इतरांबरोबर हळदीच्या पानावर ठेवून दहा-बारा मिनिटं उकडा आणि नैवेद्याच्या ताटात मांडा. बाजूला काढून ठेवलात तर सगळं फुकट गेलं. उरलेल्या उकडीच्या जिरं-मिरची घातलेल्या निवग्र्या थापायला लहान हात फार चांगले.

पान वाढणं

केळीचं पान मांडताना टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. मीठ वर मधोमध, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, भात मध्ये. डावं-उजवं शिकवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. पण यात एक अडचण आहे: वाढणारा समोर उभा असतो, त्यामुळे त्याचं उजवं ते जेवणाऱ्याचं डावं. मोठ्या माणसांचाही यात गोंधळ उडतो. म्हणून आधी मुलाला पानावर बसवायचं, ‘तुझी चटणी कुठे हवी?’ असं विचारून त्या जागी बोट ठेवायला लावायचं, मग उठवून समोरून वाढू द्यायचं. दुसऱ्याच्या जागेवरून बघणं हे मोठं शिक्षण आहे आणि ते एका चमचा चटणीत होतं.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून परसातल्या भाज्यांची एकत्र भाजी करतो. निवडायला बसल्यावर टोपलीचे ढीग करा: पान कुठलं, फळ कुठलं, जमिनीखालचं कुठलं. भेंडी, पडवळ, दोडका ही फळं आहेत हे ऐकून मुलं चकित होतात, कारण ती गोड नसतात. मग कापून आतल्या बिया दाखवायच्या. कच्चं अळू आणि सुरण मात्र त्यांच्या हातात देऊ नका, खाजतं.

चंद्राची वही

चतुर्थीला चंद्र बघायचा नाही. गणपती पडला तेव्हा चंद्र हसला, ती गोष्ट त्या रात्री सांगते. बघायचा नाही म्हटल्यामुळे दुसऱ्या दिवशी बघायची ओढ लागते, आणि आमची चंद्राची वही पंचमीपासून सुरू होते. रोज संध्याकाळी साडेसातला अंगणात त्याच दगडावर उभं राहायचं, वहीच्या एका पानावर माडाची झाडं आणि चंद्र काढायचा. चंद्र रोज थोडा फुगतो हे मुलांना लवकर दिसतं. तो रोज त्याच वेळी आदल्या दिवसापेक्षा पूर्वेकडे सरकलेला असतो, हे वही चाळताना लक्षात येतं. भाद्रपदात आमच्याकडे आभाळ भरलेलं असतं. ढग असले तर ढग काढायचा. जे दिसलं ते काढायचं, जे असायला हवं होतं ते नाही, ही सवय मला चंद्रापेक्षाही मोलाची वाटते.

नातवासाठी पुढचा भाग. गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. ही नक्षत्रं म्हणजे पंचांगातले नुसते शब्द नाहीत. या दिवसांत अंधार पडल्यावर दक्षिण-नैर्ऋत्येला विंचवाची आकृती दिसते, त्यातला तांबूस तारा ज्येष्ठा. गौरीपूजनाच्या रात्री ढग फाटले तर चंद्र त्याच्याच आसपास सापडतो. गौरी त्याच दिवशी का जेवल्या हे त्याला त्या रात्री आकाशात दिसतं. आणि ज्यांचे गणपती गौरीबरोबर जातात त्यांचा मुक्काम एखाद्या वर्षी पाच, एखाद्या वर्षी सहा-सात दिवसांचा का होतो, तेही. जुनी कॅलेंडरं असतील तर चतुर्थीच्या तारखा काढायला लावा: 2024 साली 7 सप्टेंबर, 2025 साली 27 ऑगस्ट, 2026 साली 14 सप्टेंबर. आधी अकरा दिवस मागे, मग अठरा दिवस पुढे. का, याचा शोध 2026 च्या कॅलेंडरातल्या अधिक महिन्यापाशी लागतो.

शाडूचे दोन गोळे

आमच्याकडे मूर्तिकाराच्या कारखान्याला गणपतीची शाळाच म्हणतात. मूर्ती आणायला जाल तेव्हा तिथून दोन मुठी शाडू मागून आणा. सारखे दोन गोळे करा. एक वाऱ्यावर पूर्ण सुकू द्या, दुसरा ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. विसर्जनाच्या सकाळी दोन काचेच्या बरण्यांत पाणी घेऊन दोन्ही गोळे एकदम सोडा. आधी कुठला विरघळेल असं विचारलं, तर बहुतेक सगळे ओल्याकडे बोट दाखवतात. होतं उलटं. सुका गोळा बुडबुडे सोडत भराभर ढासळतो आणि ओला कितीतरी वेळ तसाच बसून राहतो. सुकलेल्या मातीच्या बारीक फटींत हवा असते, पाणी आत शिरून तिला बाहेर ढकलतं आणि माती सुटते. ओल्या गोळ्यात ती जागा आधीच पाण्याने घेतलेली असते.

हा प्रयोग विसर्जनाआधी करायचं कारण आहे. मूर्ती पाण्यात गेली की लहान मुलं रडतात, ‘बाप्पा कुठे गेला?’ विचारतात. त्यांना गोंजारा, पण खोटं सांगू नका. बरणीच्या तळाशी बसलेला मऊ गाळ त्यांनी पाहिलेला असतो. माती पाण्यात मिसळली, हे त्यांना समजतं. तो गाळ फडक्यात बांधून पाणी निथळू द्या, की पुन्हा गोळा करता येतो.

जे टाळायचं ते

पाहुण्यांसमोर ‘म्हणून दाखव, मोजून दाखव’ नको. आरतीला ताशा-टाळांचा आवाज सोसत नसेल तर मागे उभं राहू द्या, किंवा त्याच्याच हातात छोटे टाळ द्या, आवाज स्वतः केला की तो बोचत नाही. दुपारची झोप मोडू नका. आणि दिवसाला एक-दोन कामं पुष्कळ झाली. वर लिहिलेलं सगळं एकाच चतुर्थीत करायला घेतलंत तर सणाचा सण जाईल आणि शिकणंही जाईल. मी यातलं काही दरवर्षी करते, काही एखाद्या वर्षी.

फ्लॅटमध्ये दीड दिवसाचा गणपती असेल तरी मीठ वाढणं, पाच कळ्यांचा मोदक आणि दूर्वांची दोन ताटं एवढं सहज जमतं. रान नसलं तर बाजारातून पत्रीची जुडी आणा आणि वर्तमानपत्रावर सोडून मुलाला सारखी पानं सारख्या पानांशेजारी ठेवायला सांगा. आघाडा, माका, शमी, बेल, डाळिंब, मारवा. काही वासावरून ओळखता येतात, काही कडेच्या दात्यांवरून. ओळखू न आलेलं पान हातात देऊन त्याला फुलवाल्या मावशींकडे पाठवा, तुम्ही चार पावलं मागे उभे राहा. ‘मावशी, हा कुठला पाला?’ असं अनोळखी माणसाला स्वतःहून विचारणं हे पाच वर्षांच्या मुलाला मोठं काम असतं. पत्रीत धोत्रा, कण्हेर आणि रुईही असतात, ती विषारी आहेत आणि रुईचा चीक डोळ्यांत जाता कामा नये, म्हणून ही तीन पानं तुम्ही स्वतः बाजूला काढा आणि मग जुडी मुलाच्या हाती द्या.